घाटापलीकडची माणसं

चिचगडचा टिकेश लडाखात डोझर चालवायचा. हिवाळ्यात घाटातला बर्फ हटवणं हे त्याचं काम. अकराव्या हिवाळ्यात उजव्या पायाची तीन बोटं थंडीने काळी पडली आणि कापावी लागली. २००८च्या मार्चमध्ये तो घरी आला, तेव्हा आई रामकलीने तो पाय मांडीवर घेतला. म्हणाली, "झालं आता. शेती कर, घरीच राय."

त्याने मोहाची फुलं वेचली, धानाची रोवणी केली, पीकही घरात आलं. पण मन लागेना. पुढच्या एप्रिलात जुन्या ठेकेदाराचा फोन आला, "हिवाळ्याला येतोस का?"

बायको ओमेश्वरी संतापली. "बोटं खाल्ली त्या बर्फानं! तरी काऊन तिकडंच जीव ओढून राहिला तुमचा?"

टिकेश म्हणाला, "एकदा घाट नऊ दिवस बंद होता. मी बर्फ फोडला, तं पलीकडं एक बाई उभी. पाठीवर तापानं फणफणलेलं लेकरू. तिची बोली मले समजे ना. तिनं नुसते माहे हात धरले. इथं मी नसलो तरी धान पिकते, ओमेश्वरी."

"मंग मले बी दाखवा ते."

जूनच्या सुरुवातीला दोघं गेली. पहिले दोन दिवस तिथल्या विरळ हवेने ओमेश्वरीचं डोकं फुटायला आलं, जेवण पोटात ठरेना. सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. पण आभाळ एवढं निळं, की ती दारातच उभी राहायची. घाटाखालच्या गावात एका म्हाताऱ्याने टिकेशला ओळखलं. त्याने दोघांना घरात बसवलं, तिकडचा लोणी घातलेला खारट चहा पाजला आणि ओमेश्वरीच्या ओच्यात सुके जर्दाळू ओतले.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "दोन हिवाळे जा. जास्त नाई."

तो गेला. रामकली महिनाभर त्याच्याशी फोनवर बोलली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात पाय इतका सुजला, की ब्रेक दाबवेना. त्याने स्वतःच काम सोडलं. गावाजवळच्या देवरीच्या बसस्टँडवर ओमेश्वरी घ्यायला आली होती. तिला पाहताच तो रडायला लागला.

"काऊन रडता? घरी आले न," ती म्हणाली आणि त्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.