पदराआडचं हाड

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाबरोबर आमच्या वालूरच्या घरात ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज यायचा. पुढे त्याची लय मोडली, थापांमधलं अंतर वाढत गेलं आणि एका सकाळी तो थांबलाच. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. आवाज थांबल्याचं मला ऐकू आलं, आणि मी पान उलटलं.

भाकरी थापणारी द्वारका, माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ अकाली गेला आणि थोरला म्हणून तिच्या आजारपणाचा कारभार माझ्याकडे आला. थोरल्या दिरासमोर आमच्याकडची बाई पदर गळ्यापर्यंत ओढून घेते, भिंतीच्या कडेनं जाते, थेट बोलत नाही. द्वारकेचं वावरणं अंगणातून सरकणाऱ्या उन्हासारखं होतं. ते जाणवायचं सरून गेल्यावर.

सहा वर्षं तिचा उजवा खांदा दुखत होता. थंडीत दुखणं वाढे, वैशाखात जरा निवे. आधी सेलूत, मग परभणीत, दवाखाना कुठलाही असो, स्टुलावर ती बसायची आणि बोलायचो मी. कापसाच्या ओझ्यानं खांदा धरलाय, असं मी सांगे. तळहातांवर पिवळ्या पुटकुळ्या यायच्या, त्या बोंडांच्या काट्यांनी आल्या हेही मीच ठरवलं होतं. सूज वाढली तेव्हा आमच्या वडिलांना क्षय होता, ही माहिती मी न विचारता पुरवली. हाडाच्या क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर तिचं ताट-तांब्या वेगळा करायला मी सांगितलं. वर्षभर ती गोठ्याच्या कडेला, ढवळ्या बैलाकडे तोंड करून एकटी जेवली. गावात मी काय सांगत फिरलो, ते इथे लिहायलाही हात धजत नाही. एवढंच नोंदवतो की द्वारकेला क्षय कधीच नव्हता.

गोळ्यांनी काही फरक पडेना, तेव्हा परभणीच्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे गेलो. सवयीनं मी सुरुवात केली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मामा, दुखायलंय यांना आन् बोलायलाव तुमी. जरा बाहेर बसा बरं."

बाकड्यावर बसून मी दाराचा हिरवा पडदा पाहत राहिलो. आतून द्वारकेचा आवाज येत होता. इतका वेळ, इतका सलग तो मी कधी ऐकला नव्हता.

पुढे हाडाचा बारीक तुकडा तपासला, त्यात जंतू निघाले नाहीत. मोठ्या शहरात सुई टोचून सगळ्या हाडांचं चित्र काढलं. डॉक्टरबाईंनी ते उजेडाला धरलं. छातीचं हाड आणि त्याला मिळणारी गळ्याखालची दोन हाडं काळीभोर पेटली होती, शिंगांसकट बैलाचं तोंड दिसावं तशी.

द्वारका पदरात हसली. "अवो बाई, ह्यो तर आमचा ढवळ्या! जेवताना समोर बसायचा, आता छातीवरच येऊन बसला व्हय?"

डॉक्टरबाई हसल्या. मला हसता आलं नाही.

त्या म्हणाल्या, हा दुर्मीळ आजार आहे. जंतू नसतानाही शरीर स्वतःच्याच हाडांवर आग पाखडतं. तळहात आणि हाड, दोन्ही दुखणी एकच. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि हाडांच्या औषधाचं सलाइन सुरू झालं. काही महिन्यांत तळहात निवळले, ठणका ओसरला. पण गळ्याखालचा सांधा तोवर सांधून दगड झाला होता. उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही, ते कायमचंच.

परतताना देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. जन्मात पहिल्यांदा मी तिला थेट विचारलं, "आधी का न्हाई सांगितलंस?"

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "भाऊजी, तुमी इचारलं कुठं? तुमीच सांगत व्हतात."

त्या स्वरात राग असता तर मला आधार वाटला असता.

गेल्या चैत्रात तिची लेक तिला आपल्या सासरी, झरीला घेऊन गेली. तिथं ती बरी आहे, मोकळेपणी बोलते, असं कळतं. मी डोळे मिटून तिचं दुखणं आठवू पाहतो आणि पदराच्या काठाशी थांबतो. दूर गेलेलं माणूस काळ आठवणीत परत आणून देतो म्हणतात. पण जे आपण डोळ्यांसमोर असताना पाहिलंच नाही, ते काळ तरी कुठून आणील?