जठारपेठेत नेलेली डिस्क

खुशालराव म्हणजे तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. पातूरला त्यांची लिंबू-संत्र्याची रोपवाटिका. कोणतं कलम कोणत्या झाडाचं, याचे अकरा वर्षांचे फोटो कॉम्प्युटरच्या एका डिस्कवर होते. तो कॉम्प्युटर अकोल्याच्या जठारपेठेतल्या अरीबाच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातून साफसफाई होऊन गुरुवारी घरी आला आणि सोमवारी चालूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की डिस्क जोडता आली नाही, प्रकार चुकीचा आहे.

प्रकार चुकीचा! खुशालरावांनी लगेच ताडलं, पोरीनं डिस्क बदलली. एका जातीचं रोप सांगून दुसरं गळ्यात मारणारे त्यांनी काय कमी पाहिले होते? मुलगा नितेशही म्हणाला, "तिनंच काहीतरी केलं असन, बाबा." झालं. रोपवाटिकावाल्यांच्या ग्रुपवर त्यांनी लिहून टाकलं: अरीबा नबी शेख हिच्या दुकानात माल बदलतात, सावध राहा. बापाच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पोत्यात घालून एसटी धरली.

दुकानात ते बसले नाहीत. तिच्या हातांवर नजर ठेवून उभेच राहिले.

"तुमचा मेसेज वाचून सकाळपासून तिघाईनं फोन करून मशीन परत मागतली, काका," अरीबा म्हणाली. डोळे सुजलेले होते. तिनं कॉम्प्युटर जोडला.

"चालू होताना मशीन एक यादी वाचते. कोणती डिस्क कुठं जोडायची, अन् ती कोणत्या प्रकारची, म्हंजे तिच्यावर फाइली मांडायची पद्धत कोणती. यादीत प्रकार लिहिला असन, तर तेच खरं मानते. नसन लिहिला, तर डिस्कचं तोंड पाहून सोताच ओळखते."

"डिस्क माहीच असती तर मंग ओळखली काहून नाही?" खुशालरावांनी तिला पेचात पकडलं, असं त्यांना वाटलं.

तिनं डिस्कची सुरुवात उघडून दाखवली. आकड्यांच्या गर्दीत चार अक्षरं: एक्स, एफ, एस, बी. "हे पाहा, डिस्क आपला प्रकार सोता सांगून राहिली. यादीत मात्र कोणीतरी दुसराच लिहिला. यादी बदलल्याची वेळ बी इथंच हाय: रविवारी, संध्याकाळी सव्वासातले. रविवारी मशीन कोणाच्या घरी होती?"

खुशालरावांना आठवलं. रविवारी नितेश "स्पीड वाढवतो" म्हणत मोबाईलमध्ये पाहून काहीबाही टाइप करत बसला होता. त्याला चहा त्यांनीच नेऊन दिला होता.

अरीबानं ती एक ओळ सुधारली, मशीन पुन्हा चालू केली. फोटो उघडले. पहिल्या रांगेतलं जुनं झाड, त्याच्या बुंध्याशी त्यांचीच सावली. जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ लाजेनं कान तापले.

"गैरसमज झाला होता, असं लिहितो ग्रुपवर," ते पुटपुटले.

"माहं नाव पूर्ण लिवलं होतं तुमी. चूक ज्याची, त्याले नाव नाही काय?"

पोराचं नाव चारचौघांत घालवायचं? नितेश महिनाभर बोलणार नाही. खुशालरावांनी मोबाईल काढला, पुन्हा खिशात ठेवला, पुन्हा काढला. डिस्क बदललेली नव्हती, अरीबाची चूक नव्हती, हे सहज लिहून झालं. यादी बिघडवली ती, आणि इथं बोट अडलं. मग त्यांनी टाइप केलं: नितेश.

"पूर्ण," अरीबा म्हणाली.

त्यांनी पुढं लिहिलं: खुशालराव.

"आता पाठवा."