मावशीनं हात लावायचा नाही

विद्यापीठाच्या संशोधन निधीच्या अर्जात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ असते : ‘प्रयोगाची जागा मी स्वतः पाहिली आहे.’ खाली मार्गदर्शकाची सही. ही सही सगळे मार्गदर्शक खुर्चीत बसूनच करतात. मीही इतकी वर्षं तेच केलं. या वेळी जागा पाहायला गेले ती काही तत्त्वासाठी नाही. त्या दुपारी विभागाची बैठक होती आणि मला ती चुकवायची होती.

अर्ज माझ्या विद्यार्थिनीचा होता. मुलगी शांत, कामाला वाघ, पण स्वतःबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली की हिची दातखीळ बसते. विषय गोगलगायी. गोगलगायीला उचलून लांब नेऊन सोडलं तर ती आपल्या जागी परत येते का, एवढाच प्रश्न. आमच्या विभागात यावर भरपूर विनोद झाले. ती ते ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची.

ती राहायची मावशीकडे. मावशीच्या बागेच्या भिंतीशी गोगलगायी मुबलक. त्यातल्या वीस निवडून तिनं त्यांच्या पाठीवर नेलपेंटचा लाल ठिपका दिला होता. संध्याकाळी त्या डब्यात घालून गल्लीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन सोडायच्या आणि पुढे रोज भिंतीशी येऊन पाहायचं, कोण परत आलं. विसापैकी सतरा परत आल्या होत्या. एवढा सुरेख निकाल माझ्या हाताखाली कुणाला मिळाला नव्हता. मी तो दोन-तीन जणांना मुद्दाम ऐकवला होता, विनोद करणाऱ्यांना आधी.

निधी मिळाला तर तिला दोन वर्षं निर्धास्त काम करता येणार होतं. नाही मिळाला तर तिच्या वडिलांनी गावी एका शाळेत नोकरी बघून ठेवली होती आणि ती लगेच सामान बांधणार होती. तिसरा रस्ता नव्हता. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही दारात उभं राहून.

मावशी भेटल्या त्या हातात खुरपं घेऊनच. उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी मला भिंत दाखवली, प्लॉट दाखवला, आणि मग व्हरांड्यात चहा आला. भाची कपात साखर ढवळत होती.

“पूर्वी एखादी दिसली की मी भिंतीबाहेर भिरकावायची,” मावशी म्हणाल्या. “सगळी कोवळी रोपं फस्त करतात मेल्या. पण आता हिच्या आहेत म्हटल्यावर काय करणार? रोज सकाळी दूध आणायला जाते ना मी, तेव्हा त्या गल्लीत निघालेल्या असतात. लाल ठिपका दिसला की घेते उचलून आणि भिंतीशी आणून ठेवते.”

मी कप खाली ठेवला.

“रोज?”

“रोज म्हणजे, दिसतील तेवढ्या. ही संध्याकाळी त्यांना बाहेर सोडते आणि आत आणायला विसरते. लहानपणापासून हेच. खेळणी अंगणात टाकून यायची, मी गोळा करायची.”

भाचीचा चमचा थांबला होता. तिचं तोंड पाहवेना. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात. इथे पाय मावशींचे होते, आणि ते कुणाच्या पोटात नव्हते, उघड उघड चपला घालून गल्ली ओलांडत होते. आम्हा दोघींना ते दिसले नाहीत इतकंच. घरात आपण काय करतो हे हिनं मावशीला कधी नीट सांगितलं नव्हतं, कारण घरी कामाचं बोललं की वडिलांपर्यंत जातं. आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं की त्या घरात आणखी कोण राहतं.

“मावशी, तुझा चहा गार होतोय,” ती म्हणाली. एवढंच.

मला राग आला. आधी मावशींचा, मग तिचा, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत माझा स्वतःचा. ती माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली.

“किती आपणहून आल्या ते आता कळायचंच नाही, मॅडम.”

“अर्ज उद्या द्यायचाय.”

“हो.”

सतरा हा आकडा अर्जात टाईप झालेला होता, मावशी काही समितीसमोर जाणार नव्हत्या आणि सही माझी होती. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि बराच वेळ बसून राहिला. तिच्या डोक्यात आला होता की नाही, ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, “मी ते पान बदलते,” आणि घराकडे वळली.

समितीचे अध्यक्ष भौतिकशास्त्राचे. जीवशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग आहे असं त्यांचं मत, आणि ते मत ते लपवत नाहीत. मुलाखतीला तिनं पहिलंच वाक्य असं म्हटलं : “माझा निकाल चुकीचा आहे. घरातली एक व्यक्ती गोगलगायी उचलून आणत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं, ही माझ्या पद्धतीतली चूक आहे.” मावशी हा शब्द तिनं काढला नाही. अध्यक्षांनी खोदून विचारल्यावर तो निघालाच, आणि मग समितीतले तिघेही पोट धरून हसले. हसून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, “पुढच्या महिन्यात दुसरी बैठक आहे. तोवर नवा निकाल आणा. नसेल तर आमचाही नाइलाज आहे.”

आता मावशींना सांगणं भाग होतं. मी मुद्दाम गेले. ऐकून त्या थोडा वेळ खुरप्याची माती बोटांनी काढत बसल्या.

“म्हणजे मीच तुमच्या कामाची माती केली.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी.”

“आता माहीत झालं. नाही लावत हात.”

बोलायला सोपं होतं. नवा प्रयोग सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या सकाळी मला भाचीचा फोन. एक गोगलगाय गल्लीच्या मधोमध होती आणि समोरून स्कूटर येत होती. मावशी दुधाची पिशवी घेऊन स्कूटरला आडव्या उभ्या राहिल्या. स्कूटरवाला चिडला, दोन शब्द बोलला, मावशींनी चार ऐकवले. गोगलगायीला बोटही लावलं नव्हतं.

“हे चालेल का, मॅडम? मावशी विचारतेय.”

“नाही चालणार. बाकीच्या स्कूटरींना कोण आडवं जाणार आहे?”

पलीकडे फोन हातातून हातात गेला. “मग चिरडू द्यायची का?” मावशींचा आवाज.

“हो,” मी म्हणाले. मला ते म्हणताना बरं वाटलं नाही.

त्या दिवसापासून मावशी मागच्या गल्लीनं दूध आणायला लागल्या. रस्ता दुप्पट लांब पडतो. गल्लीकडची खिडकीही त्यांनी लावून घेतली. दोन गोगलगायी चाकाखाली गेल्या, ते भाचीनं त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या बैठकीत आकडा होता सहा. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला.

“आणि या सहा मावशींनी आणल्या नाहीत, हे कशावरून?”

तिनं फोटो पुढे सरकवले. गोगलगाय चालत आली की मागे चिकट रेघ सोडते. भिंतीच्या बाहेरच्या अंगावर, जमिनीपासून वरपर्यंत, सहा रेघा होत्या. पहिल्या वेळी आम्ही फक्त आतली बाजू पाहिली होती.

“आणि मावशीचं म्हणाल तर,” ती म्हणाली, “मागच्या वेळी तिला कुणीच विचारलं नव्हतं, सर. तिनं आपणहून सांगितलं. म्हणून तर कळलं.”

अध्यक्षांनी एकेक रेघ बघितली. “सतराच्या मानानं सहा फारच कमी आहेत.”

“हो. पण या चालत आल्या.”

या मुलीला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. समितीनं आम्हाला बाहेर बसवलं, मग आत बोलावलं. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि रडायला लागली, म्हणून मावशींना फोन मीच लावला. त्या फोनपाशीच बसलेल्या असाव्यात.

“झालं का? मिळालं?” आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत, “एक विचारू? आता उचलू का मी त्यांना?”

“नाही मावशी. आता दोन वर्षं नाही.”

म्हणजे भाची दोन वर्षं इथेच, हा हिशेब त्यांना लागला असावा, कारण पुढे बोलताना तो खणखणीत आवाज पार बसला होता.

“दोन वर्षं,” त्या म्हणाल्या. “बरं. नाही लावत हात. तिला सांगा, सावकाश ये.”