नंदीचा कान

"फोडला म्हणजे कुणी फोडला? तुम्ही पाहिलंत?" रावजींनी विचारलं.

"समद्या गावानं बगितलं की, सायब," बसप्पा पाटील म्हणाले. "पोलीस ॲक्शनच्या आदी रझाकारांची धाड आली. देऊळ जाळलं, नंदी फोडून इहिरीत टाकला."

"खोटं हाय," मागून निंगव्वा म्हणाली. ती त्या देवळाच्या पुजाऱ्याची बायको. "धाड यायच्या आदी मालकानं आन् मी मोटंच्या नाड्यानं नंदी इहिरीत सोडला. आख्खा. दिवस बरं आलं की परत बशिवतो म्हनाले. देवळासंगं तेच जळाले."

दुधनीकडच्या या गावानं जळालेल्या देवळासाठी सरकारी मदत मागितली होती, आणि खरंखोटं बघायला रावजींना सोलापूरहून धाडलं होतं. रावजी पाहुण्यांकडचा चहासुद्धा आधी हुंगून पीत. पाटलांवर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हातारीवर त्याहून कमी. नवरा पळून गेला असेल आणि ही आता त्याला देवमाणूस करत असेल.

आता, चोवीस वर्षांनी, बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर तळाला गेली होती. "उद्या माझ्यासमोर गाळ उपसा," ते म्हणाले.

निंगव्वानं चारचौघांत त्यांच्या पायाला हात लावला. एवढ्या वर्षांत विहीर आटावी असं तिला कितीदा वाटलं असेल, पण तसं म्हणणं पाप म्हणून गप्प राहिली असेल.

सकाळी रावजी पोहोचले तेव्हा नंदी आधीच काठावर आणून ठेवलेला होता. त्याला डावा कान नव्हता.

"बगा, म्हनलं न्हवतं?" पाटील म्हणाले.

रावजी खाली बसले. साऱ्या अंगावर काळा गाळ चिकटलेला, पण कानाच्या जागी दगड करडा आणि कोरडा, दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीसारखा. त्यांनी हात फिरवला तर बोटाला भुकटी लागली. गावात घरोघरी खडीचा हातोडा होता.

"पाटील, हा कान आज फोडलाय."

बसप्पांनी मान खाली घातली. "आख्खा निगाला तर तुमी अर्ज फेटाळला असता की. गावाला देऊळ पायजे, सायब."

"अहो, जळालेलं देऊळ पुरेसं होतं!" रावजी ओरडले. "नंदीचं मी उगाच विचारत बसलो, मला तुमचा संशय आला म्हणून!"

निंगव्वा नंदीशेजारी येऊन बसली होती. तिनं पदरानं पाठ पुसली, शिंगं पुसली, आणि कानापाशी हात थांबवला.

"आता पुजंला न्हाय चालत," ती म्हणाली. "खंडित झाला. पान्यात सोडाया पायजे."

तिनं विहिरीत डोकावून पाहिलं. तळाशी ओंजळभरही पाणी नव्हतं.

"सायब, सोलापुरात पानी हाय का कुटं?"

रावजींच्या नळाला आठवडाभर पाणी आलं नव्हतं.

"आहे," ते म्हणाले.

निंगव्वा घरातून घोंगडं घेऊन आली. तिनं नंदीला नीट गुंडाळलं, आणि फुटक्या कानाच्या बाजूला घोंगडं दुहेरी केलं.