सीडीतले हिंमतराव

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. नम्रता माहितीये ना, भंडाऱ्याची, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे ती? तिच्या मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला काय झालं ते.

तर त्यांचे पानसे सर. शनिवार पेठेतले. कौतुक केलं तरी समोरच्याला अपमान झाल्यासारखं वाटतं, असे. त्यांनी दोन हजार साली स्वतः एक सीडी बनवली, खऱ्या पेशंटांची. स्क्रीनवर पेशंटचा फोटो आणि छातीचं चित्र असतं, माउसनं जिथे क्लिक करशील तिथले ठोके हेडफोनमध्ये ऐकू येतात. प्रश्नावर क्लिक केलं की पेशंट त्याच्या आवाजात उत्तर देतो. केस नंबर सात म्हणजे हिंमतराव, मार्केट यार्डातले हमाल. हृदयाची झडप अरुंद झालेली, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्ये घरघर, लांबून ट्रक घाट चढत यावा तशी. नम्रतानं ही केस इतकी घोटली, इतकी घोटली, की हिंमतराव कुठे थांबतात आणि कुठे खोकतात तेसुद्धा तिला पाठ.

परीक्षेला पडदा सरकवून आत जाते, तर कॉटवर साक्षात केस नंबर सात.

‘काका, काय त्रास होतो?’

‘मला दम लागतो.’ थांबले. ‘जिना चढताना.’ खोकले.

शब्द न् शब्द तोच. नम्रताचा हात माउस शोधायला लागला म्हणे.

मग हिंमतराव हळूच म्हणाले, ‘ताई, मायट्रल स्टेनोसिस लिवा, झडप अरुंद झालीया म्हून. सकाळधरनं तिघांनी त्येच लिवलंय. आन् पायाची सूज इचारल्याचं सरांना सांगा, न्हाईतर लय चिडत्यात.’

आता हे पेशंट परीक्षेला दरवर्षी बोलावलेले असतात, त्यांना स्वतःचा आजार पोरांपेक्षा जास्त कळतो. नम्रता खूश. स्टेथोस्कोप लावला तो निव्वळ शास्त्रापुरता. आणि घरघर नाही. तिनं स्टेथोस्कोप झटकला, हेडफोनची वायर सैल झाल्यावर झटकतात तसा. परत लावला. ठोक्याबरोबरच फुस्स, टायरमधून हवा जावी तसं, पार काखेपर्यंत. म्हणजे झडप अरुंद नाही, गळतेय.

मग तिनं सीडीत नसलेला प्रश्न विचारला. ‘काका, मधे कुठे काही करून घेतलंत का?’

हिंमतराव पडद्याकडे बघायला लागले. या प्रश्नाचं त्यांचं उत्तर कुणी रेकॉर्डच केलं नव्हतं ना. मग एकदम खालच्या आवाजात, ‘गेल्या साली दुसऱ्या हॉस्पिटलात मांडीतनं फुगा घालून झडप उघडली. उघडताना जराशी फाटली म्हनं, पन आता बरा हाय. सरांना मात्र नका सांगू. बरा झालो म्हनल्यावर कशाला बोलवतील? यार्डात मला कोन इचारतंय, ताई. हितं डॉक्टर लोक माझ्याकडनं शिकत्यात.’

तेवढ्यात सर आत. विचार कर. नापास म्हणजे सहा महिने गेले, आणि समोर सीडी बनवणारा माणूस स्वतः उभा.

‘बोला. घरघर ऐकली असेलच. मीच रेकॉर्ड केलीये.’

‘सर, घरघर नाहीये. झडप गळतेय.’

‘असं? मग माझी सीडी चुकली, की माझे कान?’

‘सर, आपण एकदा ऐकता का?’

सरांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. सीडी झाल्यापासून तीन वर्षांत त्यांनी या छातीला स्टेथोस्कोप लावलाच नव्हता, लावायचा कशाला, सीडी होती की. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

‘बरोबर आहे,’ म्हणाले. ‘पण हे झालं कसं? आधी काही केलंय का, विचारलंत?’

हिंमतराव छताकडे बघतायत.

‘राहिलं, सर,’ नम्रता म्हणाली.

‘राहिलं. स्क्रीनवर बटण नसलं की तोंड उघडत नाही का आपलं?’ आणि सरांनी मार्कांचा कागद पुढे ओढला.

तर हिंमतराव उठून बसले. ‘सर, पोरीनं इचारलं व्हतं. मीच म्हनलो नका सांगू.’ आणि फुग्यापासून सगळं सांगून टाकलं.

सर त्यांच्याकडे वळले. ‘पुढच्या वर्षी येताना त्या हॉस्पिटलची फाइल आणा, हिंमतराव. आत्तापर्यंत सोपी केस होतात, आता अवघड झालात.’ हिंमतरावांची छाती अशी फुगली की विचारू नकोस. मग सर नम्रताला म्हणाले, ‘आणि आपण. पेशंटचं गुपित राखलंत, उत्तम. परीक्षकाशी खोटं बोललात, त्याचे मार्क गेले.’

काठावर पास झाली ती. बरोब्बर पन्नास टक्के. आणि सकाळच्या तिघांचे मार्क आधीच सही होऊन पाकिटात गेलेले, त्यामुळे चुकीच्या उत्तराला त्यांना बासष्ट. नम्रता म्हणते, परत वेळ आली तरी तेच करीन. म्हणते खरं, पण तोंड एवढंसं करून. आता तू बोल. सर पुढ्यात पेन घेऊन उभे, हिंमतराव छताकडे बघतायत, तू काय केलं असतंस?