घरटी एक दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. नुसता दांडा. माझ्या टोकाला काय बसवायचे ते दुसरेच ठरवतात आणि जे बसवतील त्याप्रमाणे माझे नाव बदलते. तुमच्याकडे नाही का, तलवारीला मूठ, नांगराला रुमणे, जात्याला खुंटा आणि कुऱ्हाडीला दांडा? आमच्या कोरियाच्या डोंगरातही तसेच. मळणीच्या झोडणीला लागलो की मी 'छे', भाल्याला लागलो की 'दे' आणि कुदळीला लागलो की 'जारू'. त्यातून जारू म्हणजे पोतेसुद्धा. त्यामुळे आमच्या घरी "जारू आण" म्हटले की हमखास भलतेच काहीतरी यायचे आणि मग अर्धा तास वाद चालायचा.

माझ्या मालकाचे नाव ओक्बो. ज्या झाडाची साल पाण्यात टाकली की पाणी निळसर होते, त्या झाडाची मी सरळसोट फांदी होतो. ओक्बोने मला ऐन थंडीत तोडले आणि त्याच दिवशी लोहाराकडे नेले. पिल्गू लोहाराने मला नखाने टोचून पाहिले आणि तो हसत सुटला.

"अरे, ओला दांडा बसवतोस? उद्या वाळून सैल झाला, की टोक उडून तुझ्याच टाळक्यात बसेल. तिथं आत काही नाही म्हणा, आवाज तेवढा येईल!"

मग वर्षभर मी चुलीच्या वर, धुरात टांगलेला होतो. नंतर मला तासले, घासले, तेल पाजले. शेवटी माझ्या टोकाला फिरत्या छड्या बांधल्या आणि मी झोडणीचा छे झालो.

ते माझे सुखाचे दिवस. सातूच्या मळणीला खिंडीपलीकडच्या बामगोलहून ओक्बोचा मेव्हणा मदतीला येई. त्याचे नाव चिलबोंग. ओक्बोच्या बायकोला सारे गाव बामगोलवालीच म्हणे. हा तिचा एकुलता एक धाकटा भाऊ. दमेपर्यंत झोडायचे आणि मग मला एकमेकांच्या हाती द्यायचे, असा त्या दोघांचा रिवाज होता. चिलबोंग मला वाकवून बघे आणि म्हणे, "दाजी, दांडा आहे की काय आहे हा! मोडायचं नावच घेत नाही."

"तुझ्या बहिणीसारखा आहे," ओक्बो म्हणे. मग स्वयंपाकघरातून लाकडी पळी भिरभिरत येई.

न मोडणारा दांडा, अशी माझी ख्याती झाली. मला तिचा अभिमान वाटे.

पुढे सलग दोन वर्षे पीक बुडाले, तरी अंमलदाराने धान्यसारा सोडला नाही. तेव्हा बामगोलच्या लोकांनी सरकारी कोठार फोडले. दुसऱ्या दिवशी आमच्या गावात शिपाई आले. आमच्याकडे हत्यारे मोजतात ती दांड्यांवर: एक दांडा विळा, दोन दांडे भाले. कारकून ओरडत फिरला, "घरटी एक दांडा भाला! माणूस कसाही चालेल, दांडा सरळ पाहिजे!"

ओक्बोने मला पिल्गूकडे नेले. या वेळी पिल्गू हसला नाही. त्याने छड्या सोडल्या आणि पाते बसवून पाचर ठोकली.

"बोथट ठेव," ओक्बो हळूच म्हणाला.

"बोथट ठेवला तर माझ्या पाठीवर धार लावतील," पिल्गू म्हणाला. "समोर बामगोलचेच लोक आहेत ना?"

"हो."

"मग मागच्या रांगेत उभा राहा."

पण कुणाला कुठे उभे करायचे, ते ओक्बोच्या हाती नव्हते. खिंडीत गावकऱ्यांना पुढे उभे केले आणि शिपाई त्यांच्या मागे राहिले. समोरून बामगोलची माणसे विळे नि बांबू घेऊन उतरत होती. धूळ उडाली, आरडाओरडा झाला आणि कुणीतरी पात्याच्या मागे मला घट्ट पकडले. तो तळवा मी ओळखला.

"दाजी? तुम्ही?" चिलबोंगने माझ्याकडे पाहिले. "हा तर आपल्या झोडणीचा दांडा!"

"चिलबोंग, मागं हो! ओढ्याच्या अंगानं पळ!"

"कसा होऊ? माझ्या मागं सगळं गाव आहे. तुम्ही व्हा मागं."

"माझ्या मागं शिपाई आहेत रे!"

दोघांनीही मला धरले होते. एकाचे हात या टोकाला, दुसऱ्याचे त्या टोकाला. एवढ्यात मागून ओक्बोच्या पाठीत लोंढा येऊन आदळला. कुणीतरी त्याला ढकलले, त्याच्या मागच्यालाही आणखी कुणी ढकलले असेल. ओक्बो पुढे कोसळला. मित्रांनो, त्या क्षणी मी मोडायला हवे होते. मी मनाने किती जोर केला! पण मी धुरात वाळवलेला, तेल प्यालेला दांडा. मी जरासा वाकलो आणि पुन्हा सरळ झालो.

संध्याकाळी कारकुनाने भाले मोजले. पिल्गूचा पुतण्या कुठेच सापडला नाही, पण त्याचा दांडा सापडला, तेव्हा त्या घरचा हिशेब पुरा झाला. पाती सरकारजमा झाली. दांडे ज्याचे त्याला परत मिळाले.

चिलबोंग गेल्याची बातमी बामगोलवालीला शेजारणीकडून कळली. ती रडली नाही. डोक्याला फडके बांधून म्हणाली, "चला, त्याला आणू या." आणि खिंडीचा चढ अवघड म्हणून तिने दाराशी उभा असलेला दांडा आधाराला घेतला. तो मी होतो.

वाटभर ती मला टेकत चालली. दमली की माझ्यावर भार टाकून उभी राही आणि म्हणे, "देवाच्या दयेनं तुम्ही तरी धड आलात हो." ओक्बो काही बोलत नसे. येताना त्याने चिलबोंगला पाठीवर बांधून आणले. तो मान खाली घालून चालत होता. मला तर घालायला मानही नव्हती.

वसंतात मला कापून आखूड केले आणि माझ्या टोकाला कुदळ बसवली. आता मी जारू झालो. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाआधी आमच्याकडे थडग्यांवरचे गवत काढतात. ओक्बो आणि बामगोलवालीही टेकडीवर चिलबोंगच्या थडग्याशी आली. ती मुळे खणत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "अहो, त्या दिवशी तुम्ही त्याला पाहिलं होतं?"

ओक्बोने हातातले गवत बाजूला ठेवले. मग म्हणाला, "पाहिलं."

"बोलला काही?"

"'दाजी' म्हणाला."

"मग?"

ओक्बोची नजर माझ्यावर येऊन थांबली. तिनेही माझ्याकडे पाहिले. तिच्या बोटांची पकड माझ्यावर हळूहळू आवळत गेली.

"हा?"

"मागून ढकललं गं. मी त्याला पळ म्हणत होतो..."

"पण हातात तुमच्या होता."

"हो."

"आणि मी हाच टेकत टेकत माझ्या भावाला आणायला गेले! वाटेत तोंडातून ब्र काढला नाहीत!"

तिने मला डोक्यावर उचलले. ओक्बोने हात आडवा केला नाही. गुडघ्यांवर बसून त्याने मान वाकवली. मी वर अधांतरी होतो. खाली यायचे की नाही, हे याही वेळी मला कुणी विचारणार नव्हते.

तिने मला दरीकडे भिरकावले. मी झुडपांत अडकलो. वर ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, ते मला ऐकू आले.

सकाळी ती स्वतःच मला शोधत आली. सातूची पेरणी तोंडावर होती आणि घरात दुसरी कुदळ नव्हती. काटे बाजूला सारून तिने मला ओढून काढले आणि माझ्यावरचे दव घागऱ्याला पुसले. माझ्याकडे तिने पाहिले नाही. गरिबाला रागसुद्धा फार दिवस परवडत नाही. शेतात ती पुढे खणत राहिली आणि ओक्बो मागून बी टाकत राहिला. दुपार झाली. मग तिने बांधावर शिदोरी सोडली आणि दुसरीकडे पाहत म्हणाली, "जेवून घ्या."

ओक्बो जेवला. खाली बसून, ओक्साबोक्शी रडत जेवला.

मित्रांनो, आता माझी कुदळ झिजली आहे आणि वाळवीने मला आतून पोकळ केले आहे. दांड्यांना पावसात टाकू नका, वर्षातून एकदा तरी तेल पाजा, हे तर मी सांगणारच. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. मागून रेटा आला की थांबायचे बळ आम्हा दांड्यांत नसते. ते माणसांत असते की नाही, मला ठाऊक नाही. ओक्बोत नव्हते आणि ओक्बो वाईट माणूस नव्हता. म्हणून दांड्याला पाते बसवले जात असते, पाचर अजून ठोकायची असते, तेव्हाच विचारा, हे कुणासाठी? पुढे खिंडीत विचारायला कुणालाच वेळ मिळत नाही.