पाठीवरच्या लाल टिकल्या

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी पाठ पाहिलीत तर वाटेल, हिला गोवर आलाय की काय! घाबरू नका, त्या कागदाच्या लाल टिकल्या आहेत. त्या तिथे कशा आल्या, तेच आज सांगायचे आहे.

छापखान्यात माझा जन्म झाला. आधी शाई, मग शिलाई, मग डिंक आणि वर चकचकीत मुखपृष्ठ. त्यावर धुके, आणि धुक्यात उभा एक तरुण. माझ्या पोटातली गोष्ट सांगते. घड्याळे दुरुस्त करणारी एक मुलगी असते. धुके पडले की तिच्या दुकानाच्या दारात हा तरुण येतो आणि धुके विरले की जातो. तो कधीचाच वारलेला आहे, हे तिला फार उशिरा कळते. तोवर तिचा जीव त्याच्यावर जडलेला असतो. मी या गोष्टीचा पहिला भाग. दुसरा भाग वाचनालयाच्या फळीवर माझ्या शेजारीच असे. तो संपतो तेव्हा तरुण उंबरठ्यापाशी उभा आहे. त्याने आत यायचे की कायमचे निघून जायचे, ते तिसऱ्या भागात ठरणार होते.

मी ज्या वाचनालयात आले, तिथल्या ग्रंथपालांना सगळे काका म्हणत. काका शिस्तीचे कडक. त्यांची एक पद्धत होती. पुस्तक परत करताना वाचकाने टेबलापाशी उभे राहून आपले मत मोठ्याने सांगायचे. आवडले असेल तर काका पुस्तकाच्या पाठीवर हिरवी टिकली लावत, नसेल तर लाल. एका वाचकाची एकच टिकली, आणि ती लावली की लावली. पाठ लालेलाल झाली की पुस्तकाची रवानगी मागच्या खोलीत, आणि तिथून रद्दीत. पद्धत वाईट नव्हती. पण टेबलापुढे नेहमी रांग असे, आणि रांगेला कान असतात.

मला पहिल्यांदा एका निवृत्त मास्तरांनी नेले. वर्तमानपत्राचे कव्हर घालून त्यांनी मला वाचले. शेवटच्या पानाशी त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला. मी मनात म्हटले, आता हिरवी टिकली कुठे जात नाही! पण टेबलापाशी येताच मास्तरांचा आवाज चढला.

"भुताचं प्रेम म्हणे! अहो, मी आयुष्यात ना भूत पाहिलं, ना..."

"पुढचं बोलू नका. मी मागेच उभी आहे," त्यांच्या बायकोने बजावले.

रांग खो खो हसली आणि मला लाल टिकली लागली. जाता जाता मास्तर काकांच्या कानाशी लागले. "दुसरा भाग आहे का हो? माझ्यासाठी नको, हिच्यासाठी."

मग हे नेहमीचेच झाले. घरी मला उशाशी घेऊन झोपणारी माणसे टेबलापाशी नाके मुरडत आणि वळताना दुसरा भाग मागत. एक गृहस्थ मात्र सरळ म्हणाले, "मधली पन्नास पानं उगाच ताणली आहेत. मला कंटाळा आला." त्यांची लाल टिकली मला कधी टोचली नाही. ते खरे बोलले होते.

सर्वांत जास्त टोचली ती मावशींची. मावशी कपडे शिवत. त्यांचे यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते. मला मशीनच्या फळीवर उघडे ठेवून त्या शिवता शिवता वाचत. तरुण दारात येतो, ते पान आले की मशीन थांबे. मावशी आपल्या दुकानाच्या दाराकडे पाहत बसत. मग खुणेसाठी कापडाची चिंधी ठेवून मला अलगद मिटत. मला वाटे, ज्या कामासाठी आपण जन्मलो, ते हेच.

परत करायच्या दिवशी मावशींच्या मागे त्यांच्या थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या. "अगं, या वयात हे काय वाचतेस?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या.

मावशींचा चेहरा उतरला. "वेळ जात नव्हता, म्हणून नेलं होतं. लावा लाल."

पुढे एका दुपारी दोन बहिणी आल्या. त्यातल्या थोरलीने मला फळीवरून काढले आणि माझी पाठ बोटाने चाचपली. त्यांच्या बोलण्यावरून कळले, की हीच माझी लेखिका. दिवसभर एका लॅबमध्ये लोकांचे रक्त तपासायला घ्यायची, संध्याकाळी टोपणनावाने लिहायची. माझी आईच म्हणा ना! आणि मला तिला एक शब्द सांगता येत नव्हता.

"ताई, लोकांचं काय मनावर घेतेस?" धाकटी म्हणाली.

"मग कुणाचं घेऊ? लोकांसाठीच लिहिते ना मी? खप किती झाला ते प्रकाशक सांगतात. कुणाला मनापासून आवडलं का, ते बघायला इथे आले होते." तिने मला जागेवर ठेवले. "बघितलं. तिसरा भाग आता नाही लिहायचा."

ती गेली. वाचकांपैकी कोणालाच कळले नाही, की कोण येऊन गेले.

मावशी मात्र येत राहिल्या. रांग नसेल अशी वेळ साधून हळूच विचारत, "तिसरा भाग आला का हो?" एक दिवस काका म्हणाले, "येणार नाही तो. प्रकाशकांनी कळवलंय, बाईंनी लिहिणं सोडलं. वाचकांना आवडत नाही म्हणे."

"कुठल्या वाचकांना?"

काकांनी मला खाली काढले आणि माझी पाठ त्यांच्यापुढे धरली. मावशींनी लाल टिकल्यांवरून बोट फिरवले. मग नखाने एक टिकली खरवडू लागल्या. टिकली निघाली नाही, माझा कागद मात्र सोलला गेला. तोवर मागे रांग लागली होती. मावशी वळल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मी खोटं बोलले. मला हे पुस्तक मनापासून आवडलं. काका, हिरवी लावा."

रांगेत कोणी हसले नाही. मास्तर चपलांकडे बघत होते. काकांचा हात हिरव्या टिकल्यांच्या डबीपर्यंत गेला आणि थांबला. "मावशी, एकाची एकच," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक नव्हता. त्यांनी लेखिकेसाठी प्रकाशकांकडे निरोप ठेवला. उत्तर आले नाही.

रद्दीत जायच्या आधी मावशींनी मला मागून घेतले. आता मी त्यांच्या दुकानात कात्रीशेजारी असते. कोणी विचारले तर मावशी माझी गोष्ट मोठ्याने सांगतात. जाऊबाई समोर असल्या तरी सांगतात.

मित्रांनो, पुस्तकाची पाने दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी आणखी एक सांगते. आवडले नाही तर खुशाल तसे सांगा. पण आवडले असेल तर लाजू नका, वेळेवर सांगा. लिहिणारे माणूस तुमच्या घरात डोकावू शकत नाही. तुम्ही चारचौघांत जे बोलता, तेवढेच त्याच्यापर्यंत पोचते.

बाहेर धुके पडले की मावशी मशीन थांबवतात, माझ्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "येईल का गं तो आत?"

मी काय सांगणार? मी पहिला भाग आहे.